कोरी बाजू वर

मी संशयी माणूस आहे. हे लपवण्यात अर्थ नाही, कारण भिंगारमध्ये ते सगळ्यांना माहीत आहे. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाकडे मी ओळखपत्र मागतो, आणि त्यानं ते दाखवलं की त्यावरचा फोटो त्याच्या तोंडाशी ताडून बघतो. अनोळखी नंबरवरून फोन आला तर मी 'हॅलो' म्हणत नाही. उचलतो आणि गप्प बसतो, समोरच्याला आधी बोलू देतो. माझी सगळी नोकरी एका हायस्कूलच्या कचेरीत लिपिक म्हणून गेली. मुलाची जन्मतारीख मागेपुढे करून मागणारे बाप, हरवला म्हणून तिसऱ्यांदा दाखला न्यायला आलेले पालक, चुलतभावाची गुणपत्रिका स्वतःची म्हणून पुढे करणारे पठ्ठे, असं बरंच पाहिलं. त्यामुळे माणूस समोर आला की आधी त्याच्या हातातल्या कागदाकडे बघायची खोड लागली ती लागलीच. माझी बायको म्हणायची, "उद्या स्वर्गाच्या दारात उभे राहाल आणि आत घेणाऱ्याकडेच ओळखपत्र मागाल."

ती गेल्यावर ताई आणि मी एका घरात राहायला लागलो. ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. बोलणं कमी, चालणं झपाझप, आणि सत्तरीतही पाठ ताठ. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजारी माणसांची यादी तिच्याकडे असायची. रविवारची उपासना झाली की पाळक तिला विचारायचे, या आठवड्यात कोण अंथरुणावर आहे, आणि ती न बघता सगळी नावं सांगायची. त्या प्रत्येकाच्या घरी ती जायची, पाठ पुसून द्यायची, औषधाच्या वेळा लिहून ठेवायची, प्रार्थना करून यायची. लोक तिच्या हाती घराची किल्ली देऊन गावाला जात.

कागदपत्रांचं मात्र तिला वावडं होतं. पेन्शनीसाठी हयातीचा दाखला, बँकेची केवायसी, गॅसचं काय ते, सगळं माझ्याकडे. "तुझं डोकं त्यात चालतं," असं म्हणून तिनं आपली फाईल मला देऊन टाकली होती. खरं सांगायचं तर मला त्याचा अभिमान होता. कुठंही तिच्या आधारकार्डाची झेरॉक्स द्यायची झाली की मी त्यावर तिरपं लिहायचो, 'फक्त अमुक कामासाठी', आणि तिच्याकडून सही आणि तारीख घालून घ्यायचो. ती सही करताना हसायची.

आता पाठकोऱ्यांबद्दल सांगायला हवं. एका बाजूनं छापलेला आणि दुसऱ्या बाजूनं कोरा असा कागद म्हणजे पाठकोरा. आमचे वडील प्राथमिक शिक्षक होते, आणि पाठकोरा फेकणं हे त्यांच्या लेखी ताटात अन्न टाकण्याइतकंच पाप होतं. प्रश्नपत्रिका, परिपत्रकं, हँडबिलं, सगळ्यांच्या कोऱ्या पाठी एकत्र शिवून ते आम्हाला कच्च्या वह्या करून द्यायचे. मी त्यांवर पाढे लिहिले, ताईनं हाडांची नावं पाठ केली. माझ्या टेबलावर आजही पाठकोऱ्यांची चळत असते. नियम एकच, वडिलांनी घालून दिलेला: कोरी बाजू वर. घरात आलेल्या कागदाचं काम संपलं की तो तसा पालथा होऊन चळतीत जातो. खाली काय छापलंय ते बघायची वेळच येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त सुभेदाराच्या नावावर कुणीतरी दुसऱ्याच जिल्ह्यात सिमकार्ड घेतलं. त्यानं बाजारात छत्रीखाली बसलेल्या कुणाला तरी आपल्या कार्डाची झेरॉक्स दिली होती. सीमेवर डोळ्यांत तेल घालून उभा राहिलेला माणूस, पण कागद देताना त्याच्या मनात काही आलं नाही. मला त्याची कीव आली, आणि राग तर फारच आला. म्हटलं, लोकांना शहाणं करायचं. मी पाठकोऱ्यांची चळत पुढ्यात घेतली, प्रत्येक कागदाचे कापून दोन तुकडे केले आणि शाईच्या पेनानं चिठ्ठ्या लिहायला बसलो. माझं अक्षर चांगलं आहे; शाळेतले गुणवंतांचे फलक मीच लिहायचो. मजकूर असा होता: 'सावधान! आपली खाजगी माहिती अनोळखी व्यक्तीस देऊ नये. ओळखपत्राची प्रत देताना तीवर कारण, तारीख व सही घालावी. वापर झाल्यावर प्रत फाडून टाकावी. आपला हितचिंतक.' खाली नाव घातलं नाही. नाव ही देखील माहितीच.

आठ दिवस लिहीत होतो. मग वाटत सुटलो. उपासनेनंतर मंडळीत वाटल्या, पिठाच्या गिरणीत ठेवल्या, किराणा दुकानात दिल्या, नगरला स्टँडवर बसची वाट बघताना शेजारच्यांच्या हातात कोंबल्या. लोक वाचायचे, मान डोलवायचे आणि खिशात घालायचे. ताईला मी एक दिली, ती तिनं फ्रिजवर चिकटवली.

पावसाळा सरला आणि एके दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दारात मोटारसायकल थांबली. गणवेशातला हवालदार होता. ताई ओट्यावर मेथी निवडत बसली होती. त्यानं मोबाईल तिच्यापुढे धरला. पडद्यावर तिच्याच आधारकार्डाची झेरॉक्स होती.

"मावशी, ह्ये तुमीच ना?"

"हो. मीच."

"मागल्या महिन्यात तुमी जामखेडला लॉजवर हुत्या का?"

तो काही ओरडून बोलला नाही. पण आमची गल्ली अरुंद आहे. समोरची बाई कपडे वाळत घालत होती, तिचा हात दोरीवरच थांबला. ताईनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली, "नाही."

मी बाहेर येऊन आधी त्याचं ओळखपत्र मागितलं. त्यानं बिचाऱ्यानं दाखवलं. मग सगळं सांगितलं. तिकडे एका लॉजवर एक माणूस आणि एक बाई तीन दिवस उतरले होते. त्याच दिवसांत तिथल्या स्टँडवर दोन बायकांच्या गळ्यातली पोत गेली. ही जोडी चौथ्या दिवशी पहाटेच निघून गेली, म्हणून पोलिसांनी लॉजची वही तपासली. बाईनं ओळख म्हणून दिलेली झेरॉक्स ताईची होती, आणि वहीत नावही ताईचं होतं. मॅनेजर म्हणत होता, बाईचं तोंड स्कार्फनं बांधलेलं होतं, वय सांगता येत नाही.

"आमी तुमच्यावर आळ घेत न्हाई, मावशी. पन जबाब घ्यावा लागंल. तुमाला यायची गरज न्हाई, आमीच परत यिऊ."

"नको," ताई म्हणाली. "परत दारात नको. बोलवाल तेव्हा मीच येते."

चोरीचं लोकांच्या मनात फारसं राहिलंच नाही. राहिला तो एक शब्द. आमच्याकडे माणूस लग्नाला गेला तर हॉलवर उतरतो, देवाला गेला तर भक्तनिवासात, कामाला गेला तर पाहुण्यांकडे. लॉजवर कुणी उतरत नाही. लॉजवर माणसं 'जातात', आणि ते सांगताना सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. सत्तर वर्षांची, लग्न न केलेली बाई आणि लॉज, हे दोन शब्द एकदा शेजारी बसले की त्यांना वेगळं करणं अवघड. पुढच्या रविवारी मला तिघांनी बाजूला घेऊन विचारलं, काय हो, पोलीस कशाला आले होते? तिघांनाही ते आधीच माहीत होतं. त्यानंतरच्या रविवारी पाळकांनी ताईला अगदी हळुवारपणे सुचवलं की आजाऱ्यांची यादी थोडे दिवस दुसऱ्या बाईंकडे द्यावी, तुम्हालाही विश्रांती मिळेल. ताईनं पिशवीतून यादीची वही काढून दिली. घरी आल्यावर ती चपला न काढता बराच वेळ खुर्चीवर बसून होती. मला फार वाईट वाटलं आणि संतापही आला, कारण ती वही म्हणजे तिचं सगळं काही होतं.

मग मी चोर शोधायला लागलो. ताईच्या कार्डाची झेरॉक्स बाहेर गेली होती, म्हणजे कुणीतरी ती दिली होती. आणि मोबाईलवरच्या फोटोत मी बघितलं होतं: त्या प्रतीवर माझं तिरपं लिहिणं नव्हतं, सही नव्हती. म्हणजे आम्ही कुठं रीतसर दिलेली ही प्रत नव्हतीच. उरला एकच माणूस, बाजारातला झेरॉक्सवाला. त्याच्या दुकानात मी वर्षानुवर्षं जातोय. मशीनमधून एखादी प्रत काळी आली की तो ती बाजूला टाकायचा. ती पुढे कुठं जायची? माझ्या मनात पाल चुकचुकली आणि मग ती गप्प बसेना.

मी त्याच्या दुकानात गेलो तेव्हा गिऱ्हाईक होतं. थांबायला हवं होतं. थांबलो नाही. "आमच्या ताईची कागदपत्रं कुणाला विकलीस?" असं सगळ्यांदेखत विचारलं.

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. "भाऊसाहेब, लई मोठं बोलला तुमी. माज्या पोरीच्या बाळंतपनात ताईच हुत्या. त्यांचा कागद मी विकीन व्हय?"

"मग काळ्या प्रती कुठं जातात?"

"तुमीच नेता की. फेकू नको म्हनता. दर वेळंला तुमीच पिशवीत टाकता."

हे उत्तर मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. संशयी माणसाचं असंच असतं, दुसऱ्याचं बोलणं त्याला बचाव वाटतो. मी आणखी चार शब्द सुनावून बाहेर पडलो, आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं की त्या दुकानात कागद देऊ नका. लोकांनी ऐकलं. दोन-तीन आठवडे त्याच्या दुकानापुढची गर्दी कमी झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते मी स्वतः करत होतो, आणि पुण्य केल्यासारखा ताठ चालत होतो.

इथपर्यंत लिहायला सोपं गेलं. आता जे लिहायचं आहे ते जड जातंय.

हवालदारानं सांगितलेल्या त्या तीन दिवसांत ताई घरी नव्हती. तिच्या दवाखान्यातली एक जुनी मैत्रीण राजूरला राहते. ती पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून ताई तिची शुश्रूषा करायला गेली होती. तसं सांगूनच गेली होती. त्या तीन दिवसांत तिचा फोन लागला नाही. आल्यावर म्हणाली, डोंगरात रेंज नव्हती. येताना हातसडीचा तांदूळ घेऊन आली. या सगळ्यात संशय घेण्यासारखं काहीही नव्हतं, आणि हवालदार येईपर्यंत मी घेतलाही नव्हता.

पण ती चोर असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही, तरी दुसरं काहीतरी आलं. फार वर्षांपूर्वी दवाखान्यात एक कंपाउंडर होता. त्याचं आणि ताईचं काहीतरी आहे असं लोक बोलायचे. आमच्या वडिलांनी ते बोलणं कानावर आल्यावर दोन दिवस जेवण घेतलं नव्हतं. पुढे त्या कंपाउंडरानं लग्न करून जामखेडकडे औषधांचं दुकान टाकलं, आणि अलीकडे त्याची बायको वारल्याचं मंडळीतच कुणीतरी बोललं होतं. बस, एवढंच. एवढ्यावर माझं डोकं चालायला लागलं. लॉजवर उतरलेली बाई ताईच असेल, गळ्यातली पोत चोरणारे दुसरेच कुणी असतील, आणि पोलिसांचा उगाच घोळ झाला असेल, असं मी अंथरुणात पडल्या पडल्या जुळवायला लागलो. रेंज नव्हती, की फोन बंद ठेवला होता? तांदूळ तर नगरच्या बाजारातही मिळतो. ती समोर बसून भाजी चिरायची, आणि मी वर्तमानपत्राच्या आडून तिच्याकडे बघत बसायचो. जी बाई मला अंगाखांद्यावर खेळवत मोठी झाली तिच्याकडे मी बनावट दाखल्याकडे बघावं तसा बघत होतो.

यादी काढून घेतली त्या रविवारी दुपारी ताई झोपली असताना मी तिच्या डायरीतून राजूरचा नंबर काढला आणि गच्चीवर जाऊन फोन लावला. चौथ्या खेपेला रेंज मिळाली आणि फोन लागला. मैत्रीण बोलली.

"ताई होती ना, तीन दिवस इथंच होती. अहो, माझं डोकंसुद्धा विंचरलं तिनं. का हो भाऊ, काय झालं?"

"काही नाही. तिचा चष्मा तिथं राहिला की काय, म्हणून विचारलं."

"चष्मा? तो तर नाकावरच होता की."

मी हसलो आणि फोन ठेवला. खाली आलो तेव्हा मला हलकं वाटत होतं. ताई झोपेतून उठून चहा टाकत होती. तिनं माझा कप भरून दिला आणि मी तो मजेत प्यायलो, हे आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी जामखेडहून जबाबासाठी निरोप आला. आम्ही एसटीनं निघालो. वाटेत आष्टीला बस थांबली तेव्हा ताई म्हणाली, "तिथं तू बोलू नकोस. विचारतील त्याचं मी सांगेन." मी हो म्हणालो.

ठाण्यात एक तरुण बाई अधिकारी होत्या. त्यांनी ताईला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि 'आजी' म्हणून बोलायला सुरुवात केली. मग फाईल उघडून लॉजवरून आणलेला मूळ कागद टेबलावर ठेवला. अर्ध्या पानाचा तुकडा होता. त्यावर कार्डाची पुढची-मागची बाजू, ताईचा काळपट फोटो, पत्ता, जन्मतारीख, सगळं.

"हे कार्ड तुमचंच?"

"माझंच."

"आता हे बघा," असं म्हणून त्यांनी तो कागद उलटा केला.

मागच्या बाजूला निळ्या शाईत, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सावधान! आपली खाजगी माहिती अनोळखी व्यक्तीस देऊ नये.'

अक्षर माझं होतं. आणि त्या क्षणी मनात काय आलं तेही लिहून टाकतो, म्हणजे माणूस किती खाली जातो ते कळेल. मनात आलं, ताईचा चष्मा पिशवीत आहे, तिला अक्षर ओळखू येणार नाही.

"लॉजवाल्यानं मागची बाजू बघितलीच नाही," अधिकारी म्हणाल्या. "हे अक्षर कुणाचं, काही सांगता येईल?"

ताईनं कागद हातात घेतला, लांब धरला आणि माझ्याकडे बघितलं. "तूच सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. पाठकोरे, चळत, चिठ्ठ्या, वाटप, सगळं. झेरॉक्सच्या काळ्या प्रती मीच पिशवीत टाकून आणायचो, घरी आल्यावर पिशवी चळतीवर उपडी करायचो, कोरी बाजू वर. पानाच्या वरच्या अर्ध्यात कार्डाच्या दोन्ही बाजू बसत, त्यामुळे मी कापलेल्या तुकड्यावर अख्खं कार्ड आलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. अधिकाऱ्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि विचारलं, "म्हणजे हितचिंतक तुम्हीच का?" त्यांच्या मागे बसलेल्या हवालदारानं तोंड फिरवलं. तो हसत होता, आणि त्यानं हसू नये असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

कोणती चिठ्ठी कुणाला दिली ते विचारलं. कसं सांगणार? स्टँडवरची एक बाई मला आठवली, गोड बोलणारी, तिनं माझं सगळं ऐकून घेतलं होतं आणि 'आमच्याकडंबी वाटते' म्हणून चार-पाच चिठ्ठ्या जास्त मागून घेतल्या होत्या. तीच असेल असं मी म्हणणार होतो. मग झेरॉक्सवाल्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि मी म्हणालो, "माहीत नाही."

"ठीक आहे. कागद बाहेर कसा गेला ते कळलं," अधिकारी म्हणाल्या. "आता आजी, त्या तीन दिवसांत तुम्ही कुठं होता?"

"राजूरला. मैत्रिणीकडे."

"त्याला कुणी साक्ष आहे?"

इथं मी गप्प राहायला हवं होतं. ताईनं बसमध्ये सांगितलं होतं ना. पण चिठ्ठ्यांचा कलंक धुऊन काढायची मला घाई झाली होती. ताईच्या बाजूनं काहीतरी भक्कम बोलायचं होतं. "मॅडम, ती राजूरलाच होती," मी म्हणालो. "मी स्वतः फोन करून खात्री केलीय. त्या बाईंचा नंबर देतो, तुम्हीही विचारा."

"अरे वा, हे बरं केलंत," अधिकारी म्हणाल्या आणि नंबर लिहून घेतला.

ताईनं माझ्याकडे बघितलं नाही. ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली.

जबाब टाईप होऊन आला. अधिकाऱ्यांनी तो ताईला वाचून दाखवला. पोलिसी मराठी असते तशीच होती: 'मी समक्ष हजर राहून जबाब देते की, सदर कालावधीत मी मौजे राजूर येथे माझ्या मैत्रिणीकडे होते. सदर बाबत माझ्या भावाने फोनद्वारे खात्री केलेली आहे.' बरोबर आहे का, म्हणून त्यांनी विचारलं. ताईनं पिशवीतून चष्मा काढला, कागद हातात घेतला आणि स्वतः वाचला. त्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं. ती ओळ तिनं दोनदा वाचली. मग "बरोबर आहे," असं म्हणून त्याखाली सही केली.

परतीच्या बसमध्ये कडा गाव आलं तेव्हा तिनं चष्मा काढून पिशवीत ठेवला. मग खिडकीबाहेर बघत विचारलं, "फोन कधी केलास?"

"वही दिलीस त्या रविवारी."

"काय विचारलंस?"

"तू तिथं होतीस का."

"आणि तिनं हो म्हटल्यावर तुझा विश्वास बसला."

"हो, ताई. लगेच बसला."

"म्हणजे तिच्यावर बसला," ती म्हणाली.



दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सवाल्याच्या दुकानात गेलो आणि गिऱ्हाईक असतानाच त्याची माफी मागितली. त्यानं "असू द्या भाऊसाहेब" म्हटलं, पण माझ्याकडे न बघता. रविवारी उपासनेनंतर सूचनांच्या वेळी उभा राहिलो आणि सगळ्या मंडळीपुढे सांगितलं, की माझ्या बहिणीचा कागद मीच माझ्या हातानं लोकांना वाटला. पाळकांनी त्याच दिवशी यादीची वही ताईला परत दिली. ज्या बायका तिघी-तिघी उभ्या राहून कुजबुजायच्या त्या येऊन तिचे हात धरून बोलल्या. वाटलेल्या चिठ्ठ्या परत गोळा करायला मी महिनाभर हिंडलो. किराणा दुकानातून, गिरणीतून, घरोघरी जाऊन मागितल्या. मिळाल्या त्यांतल्या दोन चिठ्ठ्यांच्या पाठीवर ताई होती. आणखी किती बाहेर आहेत ते देव जाणे. अजूनही अनोळखी मोटारसायकल दाराशी थांबली की मी आधी खिडकीच्या आडून बघतो.

ताईची माफी मात्र मी मागू शकलो नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं. ती "चहा घेतोस का?" असं विचारायची, आणि मी हो म्हणायचो.

मग एका सकाळी तिनं माझ्या टेबलाशी येऊन म्हटलं, "माझे कागद दे."

मी फाईल काढून दिली. तिनं तिथंच खुर्ची ओढून एकेक कागद बाहेर काढला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि मोजून ठेवला. आधारकार्ड, पॅनकार्ड, पेन्शनीचं पुस्तक, बँकेचं पासबुक, दवाखान्यातलं नोकरीचं प्रमाणपत्र. "मी करत जाईन ते, तू कशाला त्रास घेतेस," मी म्हणालो. "नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काहीतरी बोललो असतो.

यंदा हयातीचा दाखला तिनं एकटीनं जाऊन दिला. केवायसीचा निरोप आला तेव्हा बँकेत रांगेत उभी राहून करून आली. कागद ती कुठं ठेवते मला माहीत नाही. आम्ही पूर्वीसारखेच जेवतो, संध्याकाळी मागच्या दारी खुर्च्या टाकून बसतो, ती मला कोण आजारी आहे ते सांगते. फक्त ती बाहेर निघाली की आधी आपल्या खोलीला कुलूप लावते, ओढून बघते आणि किल्ली पिशवीत टाकते. घरात आम्ही दोघंच राहतो, त्यामुळे ते कुलूप कुणासाठी आहे हे मला विचारावं लागत नाही.